पेटी कुठली घेऊ, काका?

काका, मी कोपरखैरण्याची, वय २६. बाबा हार्मोनियम दुरुस्त करतात, त्यांच्या हाताखाली माझा कान तयार झाला. मग दोन वर्षं पियानो ट्यूनिंग शिकले आणि आता स्वतः कामं घेते. घोडबंदर रोडला काही घरं आहेत, नेरुळ-खारघरकडे काही, शिवाय दोन म्युझिक क्लास. सगळा प्रवास लोकल आणि रिक्षाने. हत्यारं अजून कॉलेजच्याच सॅकमध्ये भरते, त्यामुळे वेळेवर काही सापडत नाही. गेल्या महिन्यात रिक्षात सेंटर पिनांची (पियानोच्या आतल्या सांध्यांतल्या बारीक पिना) पाकिटं फुटली आणि सगळे नंबर एकमेकांत मिसळले. पावसाळ्यात सूर लावायच्या लिव्हरच्या तोंडाला गंज धरला. परदेशातले टेक्निशियन वापरतात तशी ॲल्युमिनियमची पेटी ऑनलाइन पाहून ठेवली आहे, साडेसहा हजारांची. सगळं भरून अकरा किलो होईल असा अंदाज आहे. घेऊ का? आणि आत मांडणी कशी करू? बाबा म्हणतात, त्यांची हार्मोनियमचे पितळी सूर घासायची कानसपण ठेव.

*

काका म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करतो. वर 'पेटी कुठली घेऊ' आणि पहिल्याच ओळीत हार्मोनियम, त्यामुळे मला वाटलं तू बाबांच्या पेटीबद्दल विचारते आहेस. ते काम माझं नाही म्हणून पत्र बाजूला ठेवणार होतो. पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला.

ॲल्युमिनियमची पेटी घेऊ नकोस. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण ती का नको हे कळलं नाही तर सहा महिन्यांनी तू तशीच दुसरी घेशील. मी घेतली होती.

त्या पेट्या बनतात ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी. डिकीतून काढायची, वीस पावलं चालायचं, गिऱ्हाइकाच्या दारात ठेवायची. तुझा रस्ता कसा आहे बघ. कोपरखैरण्याचा जिना, सकाळची ठाण्याची गाडी, ठाण्याला उतरल्यावर पुलावरची गर्दी, रिक्षाची रांग आणि शेवटी टॉवरचं गेट. तसली पेटी रिकामीच तीन-चार किलो भरते. अकरा किलो एका हातात धरून तू इतकं चाललीस की त्याच हाताने पुढचा दीड-दोन तास तारा ताणणाऱ्या पिना फिरवायच्या आहेत. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, आणि सूर जागेवर बसतो तो पिन केसभर हलली तर. ओझ्याने थरथरणाऱ्या मनगटाला केसभर म्हणजे किती ते कळत नाही. मला बरीच वर्षं वाटायचं की सकाळचं पहिलं काम माझं नेहमी कच्चं होतं कारण मी तेव्हा पुरता जागा नसतो. पेटी बदलली आणि सकाळचं काम सुधारलं.

त्या पेटीचे कोपरे धातूचे असतात आणि नवे पियानो काळे, आरशासारखे चकचकीत. वाकून पेटी ठेवताना एकदा पायाला घासली की ओरखडा जन्माचा. एक गुण मात्र कबूल करतो, सोसायटीच्या गेटवर तिचा रुबाब पडतो.

तुला पाठीवरची टूल बॅग हवी. एसी दुरुस्त करणारी मुलं घेऊन फिरतात ना, तशी. बूड कडक प्लॅस्टिकचं असावं म्हणजे ती स्वतःच्या पायावर उभी राहते. चेन तीन बाजूंनी उघडणारी असावी, तळ दिसला पाहिजे. आतलं अस्तर फिकट रंगाचं बघ. काळ्या अस्तरात काळा रबरी म्यूट (शेजारची तार गप्प ठेवायची पाचर) पडला की तो गेला. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत अशा बॅगा टांगलेल्या असतात. जाताना लिव्हर सोबत ने आणि दुकानातच आत घालून बघ. ती उभी मावली पाहिजे, तिरकी घालावी लागली तर ती बॅग सोड. दुकानदार 'हे काय आहे' विचारेल, त्याला पियानो समजावून सांगायला पाच मिनिटं जादा धर.

लोकलमध्ये बॅग पुढे, छातीशी येणार हे लक्षात ठेव. म्हणजे बाहेरच्या खिशात ठेवलेलं सगळं शेजारणीच्या कोपराला लागणार. बाहेरच्या खिशात पास, पाण्याची बाटली आणि रुमाल, बस. जड वस्तू पाठीच्या बाजूच्या कप्प्यात. लिव्हर सगळ्यांत जड, ती तिथेच, तोंड वर करून. तोंडाला चामड्याची टोपी शिवून घे. जुन्या पट्ट्याच्या तुकड्याची होते. त्या तोंडात आतून चांदणीसारखे दाते असतात. ते बोथटले की पिनेची डोकी खायला लागतात, आणि पिना तुझ्या नाहीत, गिऱ्हाइकाच्या आहेत.

आता मांडणी. त्याआधी एक गोष्ट सांगतो, माझ्या फजितीची.

खारघरला एका घरी जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो होता. पेडलचा खडखडाट काढायला खालची फळी उघडली, काम केलं, सूर लावले, चहा घेतला आणि घरी आलो. तीन दिवसांनी बाईंचा फोन, 'खालच्या बाजूचे दोन सूर दाबले की आत काहीतरी खर्र करतंय.' मी फोनवर ज्ञान दिलं की पावसाळा आहे, साउंडबोर्डला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या फळीला ओल धरली असेल. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून परत खारघर गाठलं. फळी काढली, तर माझा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर पेडलच्या दांड्याशेजारी आडवा पडलेला. विशिष्ट सुराला तो तळाच्या लाकडावर थरथरायचा. बाईंनी पुन्हा चहा दिला, आणि साउंडबोर्डची ओल गेली का, असं फार गंभीरपणे विचारलं.

मला लाज वाटली ती तो राहिला याची नव्हे. तो नाही हे मला चार दिवस कळलंच नव्हतं, याची. माझी पेटी भरलेली होती, झाकण लागलं होतं, वजनही तेवढंच वाटत होतं.

तेव्हापासून पेटीकडे बघायची माझी दृष्टी बदलली. हत्यारं वाहायला भाजीची पिशवीही चालते. पेटीला पैसे मोजायचे ते तिने आपल्याला काय राहिलंय ते सांगावं म्हणून. म्हणजे प्रत्येक हत्याराला एक जागा, आणि ती जागा रिकामी असली की डोळ्याला टोचली पाहिजे.

ते स्वस्तात करता येतं. चपलांच्या तळव्याला वापरतात त्या ईव्हीए फोमच्या दोन शीट घे, एक काळी आणि एक भडक लाल किंवा पिवळी. बॅगेतल्या सपाट कप्प्याच्या मापाने दोन्ही काप. काळ्या शीटवर हत्यारं मांड, पेन्सिलीने कडा काढ, धारदार कटरने आकार कापून घे आणि काळी शीट लालवर चिकटव. बोट घालून हत्यार उचलता यावं म्हणून प्रत्येक आकाराच्या बाजूला अर्धगोल खाच ठेव, ही खाच मी पहिल्यांदा विसरलो आणि चिमटा काढायला दुसरा चिमटा लागायला लागला. आता हत्यार उचललं की खालचा लाल दिसतो. निघताना एक नजर टाकायची. लाल दिसलं तर पियानोत हात घालायचा, गिऱ्हाइकाला नमस्कार त्यानंतर. विमानं दुरुस्त करणारे हीच पद्धत वापरतात. इंजिनात पाना राहिला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सगळंच फोममध्ये घालू नकोस, जाडी वाढते. स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, लांब नाकाची पक्कड, कॅपस्टन (पट्टीवरचा जुळवणीचा स्क्रू) फिरवायचा पाना, हॅमर म्हणजे तारेवर आपटणारे हातोडे मऊ करायच्या व्हॉइसिंगच्या सुया अशी आठ-दहा हत्यारं, जी पियानोच्या आत जातात आणि तिथेच राहू शकतात, तेवढी फोममध्ये. म्यूट एका डब्यात, पण आकडा ठरवून. माझे सात आहेत. सातच घेऊन जातो, सातच घेऊन येतो. आठवा 'असू दे जादा' म्हणून टाकलास की मोजणी संपली.

कप्पे कसे लावायचे? पक्कडी एकीकडे, ड्रायव्हर दुसरीकडे अशी जातवारी दुकानात शोभते. तू कामाच्या क्रमाने लाव. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हाताला काय लागतं? जमिनीवर पसरायला कापड (माझं आईच्या जुन्या सुती नऊवारीचं आहे, चौपदरी), डोक्याला लावायचा टॉर्च, नादकाटा, तारांमध्ये घालायची फेल्टची पट्टी, म्यूट. हे सगळं एका कप्प्यात, सगळ्यांत वरच्या. लिव्हर मात्र पाठीशीच. निम्म्याहून जास्त घरी तुझं काम याच कप्प्यात सुरू होऊन याच कप्प्यात संपतं, आतला कप्पा उघडायची वेळच येत नाही. नादकाटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क, बाबांना तो शब्द ओळखीचा असेल. फोनवर ॲप आहे हे मला माहीत आहे. तरी ४४० हर्ट्झचा काटा ठेव. फोनची बॅटरी संपते, काट्याची संपत नाही, आणि वजन पेनाएवढं.

वसई-बांद्र्याकडचं किंवा ठाण्यातल्याच जुन्या ख्रिश्चन घरातलं काम आलं तर पॅप्स म्यूट लागेल, तो वरच्या कप्प्यात कायमचा ठेव. जुन्या इंग्रजी अपराइटमध्ये डॅम्पर (तारा गप्प करणारे) हॅमरच्या वर असतात आणि त्यांच्या तारांचा पिंजरा समोर उभा असतो. त्यातून रबरी पाचर घालायला जागा मिळत नाही, हा चिमट्यासारखा म्यूटच आत जातो. एकदा असा पियानो समोर आला आणि पॅप्स घरी असला की माणूस पाच मिनिटं नुसता उभा राहतो.

दुसरा कप्पा फोमचा. तिसरा बारीकसारीक सामानाचा, आणि तुझा खरा घोळ तिथे झालाय.

सेंटर पिना. २० नंबरची पिन सव्वा मिलिमीटरच्या जेमतेम वर, आणि साडेवीस तिच्यापेक्षा मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाने जाड. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. बोटालाही कळत नाही, फक्त हॅमरला कळतो. चुकीची पिन बसली की तो एकतर आळशी होतो नाहीतर लडबडतो. म्हणजे रिक्षात मिसळलेल्या तुझ्या पिना आता मायक्रोमीटरशिवाय वेगळ्या होणार नाहीत. बाबांच्या एखाद्या टर्नर दोस्ताकडे असेल, एक रविवार काढ. यापुढे कागदी पाकीट बंद. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्या घे, बुच घट्ट असणाऱ्या. एका नंबरला एक बाटली. नंबर बाटलीवर आणि बुचावर, दोन्हीकडे लिही, कारण दोन बाटल्या एकदम उघडल्या की बुचांची अदलाबदल होते. चिठ्ठीवर पारदर्शक टेप लाव, घामाने शाई पुसते. सगळ्या बाटल्या चष्म्याच्या जुन्या कडक डब्यात आडव्या बसतात. वजन नगण्य आणि रिक्षा खड्ड्यात कितीही आपटू दे.

चिकटवायच्या वस्तू याच कप्प्यात नकोत. सायनोॲक्रिलेट, म्हणजे ते 'क्विक' वालं, हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं. आपल्याकडे जुलैत उघडलेली मोठी बाटली ऑगस्टमध्ये दगड होते. लहानात लहान घे, आणि तीही दोन झिपलॉकमध्ये, उभी. लाकडाच्या सांध्याला सरस बाबांकडे असेलच. मला आजही तोच आवडतो, कारण पुढच्या माणसाला सांधा उघडायचा झाला तर गरम पाण्याने उघडतो. पण सरस घेऊन फिरू नकोस. सरसाचं काम निघालं तर ॲक्शन, म्हणजे हॅमरची सगळी यंत्रणा, घरी आण.

तेलाची बाटली बॅगेत ठेवायची असेल तर मला आधी कारण सांग. शिलाई मशीनचं तेल घरी हत्यारं पुसायला उत्तम. तेच बॅगेत सांडलं आणि फेल्टच्या पट्टीला लागलं, तर ती पट्टी तू कुणाच्या तरी तारांमध्ये घालणार. ट्यूनिंग पिनेच्या भोकात तेल उतरलं की लाकूड पिनेला धरणं सोडतं, आणि मग तो पियानो सूर ठेवत नाही, तुझ्याकडूनही नाही आणि माझ्याकडूनही नाही. पेडलची चूं-चूं काढायला पीटीएफईची (टेफ्लॉनची) पावडर ठेव, ती सांडली तर झाडता येते.

गंजाबद्दल. लिव्हर पावसात भिजली नव्हती ना? मला खात्री आहे, नव्हती. घोडबंदरच्या घरात एसी चालू असतो, तिथे दोन तासांत लोखंड थंडगार होतं. ते घेऊन तू खाली उतरतेस, बाहेर जुलैची दमट हवा, रिक्षात बसून काहीतरी काढायला चेन उघडतेस आणि थंड लिव्हरला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसाच. मग चेन लावतेस आणि तो घाम रात्रभर आत. त्यावर तुझ्या हातांचं मीठ आहेच. उपाय सोपा आहे. बॅग गिऱ्हाइकाच्या एसीतच बंद कर, म्हणजे आत कोरडी हवा राहील, आणि घरी पोचून तासभर होईपर्यंत उघडू नकोस. मग सगळी चेन उघडून लिव्हर, तिचं तोंड आणि सुया सुती फडक्याने पुस. फडक्याला तेलाचा नुसता वास असावा, ओल नको.

सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक कप्प्यात एक. निळ्या दाण्यांचे गुलाबी झाले की ते भरले. तापवून परत वापरता येतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा आईच्या कढईत तापवू नकोस. केशरी दाण्यांचं मिळतं ते घे आणि त्यालाही जुनं वेगळं भांडं ठेव.

पावसाळ्यात बॅगेतलं सामानही बदलतं, हे कुणी सांगत नाही. जूनपासून लाकूड आणि फेल्ट फुगतात, वाजवायच्या पट्ट्या अडकायला लागतात, सेंटर पिना आवळतात. तेव्हा पट्टीची भोकं सैल करायची पक्कड आणि भोक किंचित मोठं करायचा बारीक रीमर बॅगेत हवेत. दिवाळीनंतर त्या जागी थोड्या जाड नंबरच्या पिना येतात, कारण आता तेच सांधे सैल पडतात. माझ्या फोममध्ये दोन खाचा याच कामासाठी आहेत, जून ते सप्टेंबर एक हत्यार, मग दुसरं.

वजनाचं एक बंधन घालून घे, पाच किलो, बॅगेसकट. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघ. जास्त झालं तर एक वही कर आणि पुढच्या दहा कामांत प्रत्येक वेळी प्रत्यक्ष काय वापरलं ते लिही. दहात एकदाही जे निघालं नाही ते घरी. तारांची वेटोळी, पिनेभोवतीचे तारेचे वेढे उचलायचं हत्यार, नवीन ट्यूनिंग पिना, त्या फिरवायचा क्रँक हे सगळं घरच्या खोक्यात. तार तुटल्याचा फोन आला की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागव, वरचं झाकण उघडून, तुटलेली तार आणि शेजारच्या दोन दिसतील असा. शेजारच्या तारेवरून नंबरचा अंदाज येतो, आणि तेरापासून वीसपर्यंतची सगळी वेटोळी पाठीवर घेऊन नेरुळला जावं लागत नाही. आतला सीरियल नंबरही फोटोत येऊ दे. पियानोचं वय कळलं की काय घेऊन जायचं ते निम्मं ठरतं. रेग्युलेशनचं, म्हणजे पट्ट्या आणि हॅमरच्या हालचालीच्या जुळवणीचं काम वेगळी तारीख देऊन कर. त्याची हत्यारं कापडी गुंडाळीत ठेव आणि ती गुंडाळी त्या दिवसापुरती बॅगेत सरकव.

गेटवर अडवतातच. सुया, पक्कडी, टोकदार वस्तू बघून वॉचमनचा चेहरा बदलतो. आपण फोम उघडून दाखवला की तो फार लवकर सैल होतो. इतकं नीट मांडलेलं सामान घेऊन चोर येत नाही, असं त्याला वाटत असावं. बॅगेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहून ठेव, लोकलमध्ये राहिली तर उपयोगी. गिऱ्हाइकाच्या घरी बॅग पियानोवर, स्टुलावर किंवा सोफ्यावर टेकवायची नाही. नऊवारीवर, जमिनीवर.

राहिली बाबांची कानस. पितळी सूर घासायची ती बारीक कानस पियानोत कशालाच लागत नाही. तारेला चुकून घासली तर तिथून तार तुटेल. बाबांना सांग, काकांनी सांगितला तसा फोम कापलाय आणि त्यात तिचा आकार नाही. आणि फोम उरेलच. त्यातून त्यांच्या पाटावरच्या हत्यारांनाही एक ट्रे कापून दे, त्यांची कानस त्यात घाल. गंमत बघ, पंधरा दिवसांत तेच तुला विचारतील, लाल का दिसतंय म्हणून.